जुन्या लॅपटॉपला फर्मवेअर पासवर्ड निघाला तर

सेकंडहँड लॅपटॉप घरी आणून त्यात नव्याने विंडोज घालण्यासाठी पेनड्राइव्ह लावावा आणि पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट यावी, ही अडचण जुने यंत्र घेणाऱ्याला कधी ना कधी येते. गोव्यातल्या वेर्णा, कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखाने, पणजी-मडगावची कार्यालये आणि किनाऱ्यालगतची हॉटेले आपली यंत्रे काही वर्षांनी बदलतात आणि जुनी ठोक भावाने व्यापाऱ्यांना देतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे आणि बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरचे लॅपटॉपही आपल्याकडे विक्रीला येतात. कार्यालयाच्या संगणक विभागाने घातलेला पासवर्ड विकताना काढायचा राहून जातो, आणि तो ज्याला ठाऊक होता तो कर्मचारी तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

हा पासवर्ड विंडोजचा नव्हे. यंत्र सुरू होताच सर्वांत आधी चालणारी प्रणाली, म्हणजे बायोस किंवा आजच्या भाषेत यूईएफआय फर्मवेअर, ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते आणि हा पासवर्डही तिथेच असतो. त्यामुळे डिस्क फॉरमॅट केली, नवी एसएसडी बसवली किंवा रॅम बदलली तरी तो जागचा हलत नाही. म्हणून पासवर्ड कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये, आणि यंत्र आपले असल्याचा कागद हातात असल्याशिवाय त्यापुढचे काहीच करू नये. हा क्रम पाळला तर पुष्कळदा यंत्र उघडण्याची गरजच पडत नाही.

आधी पडदा नीट वाचावा

यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे आणि पासवर्ड नेमका कोणत्या क्षणी मागितला जातो ते पाहावे. शक्य तर त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण सेवा केंद्रात तोच सर्वांत आधी विचारला जातो. बटण दाबताच, विंडोजची कोणतीही खूण दिसण्याआधी पासवर्ड मागितला तर तो पॉवर-ऑन पासवर्ड असतो. यंत्र एरवी सरळ विंडोजपर्यंत जाते, पण एफ२, एफ१० किंवा लेनोव्होच्या थिंकपॅडवर एफ१ दाबून सेटअपमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंग्जच्या पडद्यावर, शिरताना अडते, तर तो अॅडमिनिस्ट्रेटर किंवा सुपरवायझर पासवर्ड होय. हार्ड डिस्कचा पासवर्ड या दोहोंपेक्षा वेगळा असतो. तो डिस्कच्या स्वतःच्या नियंत्रकात साठवलेला असतो, डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घातली तरी सोबत जातो, आणि त्याची चौकट डिस्कच्या चित्रासह किंवा ‘हार्ड डिस्क’ या शब्दांसह येते.

आणखी काही पडदे फर्मवेअर पासवर्डसारखे भासतात, पण ते तसे नसतात. निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जात असेल तर ते बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, आहे, आणि ती किल्ली जुन्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा त्याच्या कंपनीच्या नोंदींत मिळू शकते. विंडोज नव्याने घातल्यावर एखाद्या कंपनीचे नाव येऊन तिचा ईमेल मागितला जात असेल, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या दूरव्यवस्थापनात नोंदलेले आहे. ती नोंद फक्त कंपनीच काढू शकते, आणि यंत्राशी कितीही झटापट केली तरी इंटरनेट जोडताच ती पुन्हा समोर येईल.

पासवर्ड केवळ सेटअपपुरता असेल आणि लॅपटॉप विंडोजमध्ये व्यवस्थित सुरू होत असेल, तर तो काढायलाच हवा का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. माझ्या मते घरगुती वापरासाठी बहुतेक वेळा त्याची गरज नसते. विंडोज पूर्ण पुसून नव्याने घालण्याची सोय विंडोजच्या सेटिंग्जमध्येच ‘रिसेट धिस पीसी’ या नावाने आहे आणि तिला पेनड्राइव्ह लागत नाही. सेटअप बंद राहिल्याने पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करणे, बंद असलेली व्हर्च्युअलायझेशनची (विंडोजच्या आत दुसरी प्रणाली चालवण्याची) सोय चालू करणे, अशी मोजकी कामे अडतात. शाळा-कॉलेजातल्या मुलासाठी, कार्यालयीन लिखाणासाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेल्या यंत्राला ती बहुधा कधीच लागत नाहीत. अशा यंत्राचा मदरबोर्ड त्या एका पासवर्डसाठी धोक्यात घालू नये.

अंदाजाने पासवर्ड घालत बसू नये

तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर बरेच लॅपटॉप गोठतात आणि बंद करून पुन्हा सुरू करावे लागतात. हार्ड डिस्कच्या पासवर्डच्या बाबतीत पाच चुकांनंतर डिस्क पुढचा प्रयत्न घेतच नाही. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच ती नवे प्रयत्न स्वीकारते.

पासवर्ड ठाऊक असूनही तो लागत नसेल, तर कळफलक तपासावा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिलेल्या लॅपटॉपची एखादी कळ मुकी होते, आणि पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसत असल्यामुळे ते लक्षात येत नाही. यूएसबी कळफलक लावून पाहावा आणि टाइप करताना ठिपके मोजावेत. कॅप्स लॉक आणि नम लॉक दोन्ही पाहावेत, कारण काही छोट्या लॅपटॉपवर नम लॉक चालू असल्यास उजवीकडच्या अक्षरांच्या कळा अंक देतात. पोर्तुगालमधल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या यंत्रांबाबत एक जास्तीची काळजी घ्यावी. पोर्तुगीज कळफलकावर अक्षरे आपल्या ओळखीच्या जागी असली तरी विरामचिन्हे आणि विशेष खुणा वेगळ्या जागी असतात, शिवाय फर्मवेअर पुष्कळदा कळेवर काय छापले आहे ते न पाहता अमेरिकन मांडणी गृहीत धरते. पासवर्डात अशी एखादी खूण असेल, तर ती अमेरिकन मांडणीत ज्या जागी असते ती कळ दाबून पाहावी.

जुना मालक आणि मालकीचा कागद

सर्वांत स्वस्त, सर्वांत जलद आणि यंत्राला कोणतीही इजा न करणारा मार्ग म्हणजे ज्याने पासवर्ड घातला त्याला विचारणे. लोक हा मार्ग संकोचामुळे टाळतात आणि थेट दुकानात जातात, याचे मला वाईट वाटते. विकणारा व्यापारी असेल तर त्याने यंत्र कोणाकडून घेतले ते त्याच्या खरेदीच्या बिलावर असते. लॅपटॉपच्या तळाला कंपनीच्या मालमत्तेची चिकटपट्टी असेल तर तिच्यावरच्या क्रमांकानिशी त्या कंपनीच्या संगणक विभागाला पत्र लिहावे. अशा विभागांत एका खरेदीतल्या सगळ्या यंत्रांना एकच सेटअप पासवर्ड देण्याची पद्धत असते आणि तो त्यांच्या नोंदींत सापडण्याची शक्यता चांगली असते. पासवर्ड सांगणे त्यांना योग्य वाटत नसेल, तर यंत्र त्यांच्याकडे नेऊन त्यांच्याच माणसाकडून तो काढून घ्यावा.

याच वेळी विक्रेत्याकडून मालकीचे पत्र लिहून घ्यावे, कारण पुढे उत्पादक कंपनीकडे जावे लागले तर तेच कामाला येते. खासगी विक्रेत्याकडून घेताना साध्या कागदावर पुढील मजकूर पुरेसा आहे: ‘मी, खाली सही करणार, असे लिहून देतो की अमुक बनावटीचा, अमुक मॉडेलचा व अमुक अनुक्रमांकाचा लॅपटॉप माझ्या मालकीचा असून तो मी अमुक तारखेस, अमुक रक्कम घेऊन, अमुक व्यक्तीस विकला आहे. त्यावर अन्य कोणाचा हक्क नाही. त्यावरील सर्व पासवर्ड काढण्यास अथवा उत्पादक कंपनीकडून काढवून घेण्यास माझी संमती आहे.’ खाली सही, पूर्ण पत्ता आणि तारीख असावी, आणि सोबत मूळ खरेदीच्या बिलाची प्रत जोडावी. पैसे रोख न देता यूपीआयने दिले असतील तर त्याची नोंदही पत्रासोबत ठेवावी.

पत्रातला अनुक्रमांक यंत्राच्या तळाशी छापलेल्या अनुक्रमांकाशी जुळतो का, ते स्वतः पाहावे. डेलच्या लॅपटॉपवर पासवर्डच्या चौकटीतच सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग दिसतो. तो तळाच्या चिकटपट्टीशी जुळत नसेल तर मदरबोर्ड किंवा तळ बदललेला आहे असे समजावे आणि विक्रेत्याला त्याचे कारण विचारावे.

चिकटपट्टी खरवडून काढलेली असेल, बिल नसेल आणि विक्रेता फोन उचलत नसेल, तर पासवर्ड काढण्याच्या मागे लागूच नये. चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानायला सबळ कारण असतानाही तो अप्रामाणिकपणे जवळ ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि चोरीचा संगणक अप्रामाणिकपणे स्वीकारण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ब मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, त्यासोबत पैसे दिल्याचा पुरावा आणि विक्रेत्याशी झालेले संदेश जोडावेत, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. ज्याचा लॅपटॉप चोरीला गेला त्याच्या घरच्यांचे फोटो आणि कागदपत्रे त्या डिस्कवर असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

उत्पादक कंपनीकडून मिळणारी मदत

कागद हातात आल्यावर कंपनीकडे जावे. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी आहे. डेल आपल्या यंत्रांची मालकी सर्व्हिस टॅगवर नोंदवते. आधी मालकी आपल्या नावावर हस्तांतरित करून घ्यावी आणि मग पासवर्डसाठी मदत मागावी, म्हणजे पडताळणी सुकर होते. लेनोव्होच्या थिंकपॅडबाबत मात्र उत्तर कठोर आहे. सुपरवायझर पासवर्ड हरवल्यास कंपनी तो काढून देत नाही. खरेदीचा पुरावा घेऊन, शुल्क आकारून मदरबोर्ड बदलणे हाच अधिकृत उपाय तिच्या पुस्तिकांत दिलेला आहे. हार्ड डिस्कच्या पासवर्डबाबतही तसेच आहे: डिस्क बदलावी लागते आणि तिच्यावरची माहिती कंपनी परत मिळवून देत नाही. एचपीच्या व्यावसायिक लॅपटॉपसाठीही थेट कंपनीच्या सेवा केंद्राकडेच जावे.

अॅपलच्या यंत्रांत आधी प्रोसेसर पाहावा. इंटेलच्या मॅकमध्ये फर्मवेअर पासवर्ड असतो. नेहमीच्या डिस्कवरून यंत्र सुरू होताना तो विचारला जात नाही, पण दुसऱ्या डिस्कवरून किंवा रिकव्हरीतून सुरू करायला गेल्यास पडद्यावर कुलपाचे चित्र आणि मोकळी चौकट येते. तो विसरल्यास मूळ खरेदीचे बिल घेऊन यंत्र प्रत्यक्ष अधिकृत सेवा केंद्रात न्यावे लागते. अॅपलच्या स्वतःच्या एम मालिकेच्या चिपांवर असा फर्मवेअर पासवर्ड नाही. तिथे जुन्या मालकाच्या खात्याशी बांधलेला अॅक्टिव्हेशन लॉक आडवा येतो. तो टी२ ही अॅपलची सुरक्षा-चिप असलेल्या इंटेल मॅकवरही असू शकतो. जुना मालक भेटला तर हा सर्वांत सोपा प्रकार आहे, कारण तो लंडनला असला तरी आयक्लाउडच्या संकेतस्थळावर जाऊन ते यंत्र आपल्या खात्यातून काढू शकतो आणि त्यासाठी यंत्र त्याच्या हातात असावे लागत नाही.

बॅटरी काढण्याचा उपाय

‘आतला सेल काढा, पासवर्ड जातो’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. जुन्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड सीमॉस नावाच्या, सेलवर टिकणाऱ्या छोट्या स्मृतीत असे, म्हणून सेल काढला की तो पुसला जाई. नंतरच्या बहुतेक यंत्रांत, विशेषतः कार्यालयीन मालिकांत, तो वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये ठेवला जातो, आणि तिथे सेल काढून काहीच साधत नाही. म्हणून हा उपाय फक्त जुन्या घरगुती लॅपटॉपवर किंवा उत्पादकाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले असेल तरच करावा.

थिंकपॅड असेल आणि तो सध्या विंडोजपर्यंत सुरू होत असेल, तर त्याच्या सेलला हात लावू नये. सेल निघाला की घड्याळ मागे जाते, यंत्र तारीख-वेळेच्या चुकीचा संदेश देऊन सेटअप उघडायला सांगते, आणि सेटअप उघडण्यासाठी तोच हरवलेला सुपरवायझर पासवर्ड मागते. चालते यंत्र असे बंद पडते. सेल आपोआप संपल्यावरही हेच घडू शकते, म्हणून असे यंत्र वापरत राहायचे ठरवले तरी जुन्या मालकाकडून पासवर्ड मिळवण्याचा प्रयत्न सोडू नये.

उपाय करायचाच असेल तर आधी डिस्कवरच्या माहितीची प्रत काढावी आणि बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घ्यावी, कारण फर्मवेअरमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकते. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, मागचे झाकण उघडावे आणि सर्वांत आधी मुख्य बॅटरीचा कनेक्टर बोर्डावरून सोडवावा. स्क्रूंच्या लांबीत फरक असतो. ते ज्या जागचे त्या जागी ठेवण्यासाठी कागदावर झाकणाची आकृती काढून तिच्यावर चिकटवावेत. सीमॉसचा सेल नाण्याच्या आकाराचा, बहुधा ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. तो खाचेत बसवलेला किंवा प्लास्टिकच्या वेष्टनात लाल-काळ्या वायरींसह जोडलेला असतो. वायर न ओढता कनेक्टर नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हळूच सोडवावा. मग पॉवरचे बटण १५ ते २० सेकंद दाबून उरलेली वीज निघू द्यावी आणि अर्धा तास तसेच ठेवावे.

झाकण उघडलेच आहे तर सेलच्या खाचेवर हिरवट किंवा पांढुरका थर आहे का तेही पाहावे. समुद्राकाठच्या खारट हवेत हा थर लवकर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने तो पुसून पूर्ण वाळू द्यावा. सेल जुना असेल तर नवाच बसवावा. त्यानंतर सेल, मुख्य बॅटरी, झाकण आणि चार्जर या क्रमाने जोडणी करून यंत्र सुरू करावे, आणि तारीख-वेळ लगेच दुरुस्त करावी. ती चुकीची राहिली तर संकेतस्थळे सुरक्षा-प्रमाणपत्राच्या चुका दाखवत राहतात. एवढे करूनही पासवर्ड विचारला गेला, तर तो चिपमध्ये आहे असे समजून थांबावे. सेल दोन दिवस बाहेर ठेवल्याने निकाल बदलत नाही. चालू यंत्रातल्या चिपचे पाय पिनने जोडण्याचे व्हिडिओ पाहून कोणीही तसे करू नये. त्यात बोर्ड जळू शकतो. तसेच पासवर्ड काढून देतो म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवरून प्रोग्राम उतरवू नयेत किंवा त्यांना पैसे पाठवू नयेत.

मदरबोर्ड बदलणे आणि दुकानातली चिपदुरुस्ती

उरतात दोन मार्ग, आणि दोन्ही खर्चाचे आहेत. पहिला मदरबोर्ड बदलण्याचा. नवा बोर्ड जुन्या लॅपटॉपच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो, म्हणून पडदा फुटलेल्या त्याच मॉडेलच्या लॅपटॉपमधला बोर्ड शोधणे अधिक परवडते. फक्त तो विकत घेण्याआधी त्याच्याही सेटअपला पासवर्ड नाही हे समोर सुरू करून पाहावे. बोर्ड बदलला की बिटलॉकरची किल्ली लागेल. टी२ किंवा एम मालिकेच्या मॅकमध्ये डिस्कवरची माहिती त्याच बोर्डावरच्या चिपशी बांधलेली असते, त्यामुळे बोर्ड बदलल्यावर जुनी माहिती वाचता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे दुरुस्तीच्या दुकानात फर्मवेअरची चिप नव्याने लिहून घेणे. हे काम येणारे कसबी कारागीर आहेत, पण ते अधिकृत दुरुस्तीत बसत नाही आणि चुकल्यास यंत्र सुरूच होत नाही. करायचेच ठरले तर मालकीचे पत्र स्वतःहून दाखवावे, मूळ चिपमधल्या मजकुराची प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्यावी, अनुक्रमांक कायम राहील याची खात्री करून घ्यावी आणि बिघडल्यास पैसे द्यायचे की नाहीत ते आधीच लिहून ठरवावे. मालकीचा कागद न पाहता काम स्वीकारणाऱ्या दुकानात आपले यंत्र देऊ नये.

पासवर्ड निघाल्यावर

सेटअपमध्ये शिरून मूळ सेटिंग्ज लावाव्यात, सिक्युअर बूट (फक्त विश्वासू प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे का ते पाहावे, उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवे फर्मवेअर घ्यावे आणि डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने घालावे. कार्यालयीन लॅपटॉपमध्ये अॅब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस नावाची, यंत्राचा दुरून माग ठेवणारी सोय चालू आहे का, हेही तिथेच पाहावे. ती एकदा कायमची सुरू केलेली असली तर डिस्क पुसल्यावरही पुन्हा जागी होते, आणि जुन्या कंपनीला यंत्र दुरून बंद करता येते. तिला ते यंत्र आपल्या यादीतून काढायला लेखी सांगावे. स्वतःचा सेटअप पासवर्ड घालायचा असेल तर तो वहीत लिहून लॅपटॉपच्या बिलासोबत ठेवावा आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती जागा सांगावी.

पासवर्ड न निघाल्यास आणि विकणारा नेहमीचा व्यापारी असल्यास पैसे परत मागण्याचा हक्क सोडू नये. विकताना दोष लपवला असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. पुढच्या वेळी, मग ते पणजीतले दुकान असो किंवा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, विक्रेत्यासमोरच लॅपटॉप सुरू करून सेटअप उघडून दाखवायला सांगावे. मॅक असेल तर जुन्या मालकाचे खाते निघाल्याचे पाहून मगच पैसे द्यावेत.

ज्या यंत्राचे काहीच होऊ शकत नाही, त्याचीही किंमत शून्य नसते. मालकीचे पत्र हातात असेल तर पडदा, कळफलक, चार्जर आणि बोर्डावर पक्की न केलेली रॅम दुरुस्तीची दुकाने घेतात. बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू किंवा टोचू नये आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये. उरलेल्या सांगाड्यासह ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या नोंदणीकृत संकलकाकडेच द्यावी.